कुसुंब्याच्या धावपट्टीवरून : एकट्याने वारंवार विमानप्रवास करणाऱ्यांसाठी सवलतींचा हिशेब आणि विमाने पाहण्याची भटकंती

जळगावलगतच्या कुसुंबा येथील विमानतळावर एटीआर जातीचे, पंख्याच्या इंजिनांचे लहान विमान येऊन थांबले की सामान पुढच्या दाराने चढते आणि प्रवासी शेपटीकडच्या जिन्याने. पहिल्यांदा येणारा प्रवासी हमखास पुढच्या दाराकडे वळतो आणि कर्मचारी त्याला हाताने खुणावून मागे पाठवतात. कामानिमित्त मी महिन्यातून दोनदा तरी एकटीच विमानाने जाते. त्या जिन्यापाशी रांगेत उभे असताना सहप्रवासी मला बहुधा दोनच प्रश्न विचारतात : इतका प्रवास केल्यावर त्यातले काही पदरात पडते का, आणि विमानांची आवड असलेल्या माणसाला सुटीच्या दिवशी जाण्यासारखी ठिकाणे कोणती. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, कारण पहिल्या प्रश्नातून वाचलेला पैसा दुसऱ्या प्रश्नावर खर्च करण्यात जे सुख आहे, ते मला अन्य कशात सापडलेले नाही.

सवलतींच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. विमान उडाले की त्यातली रिकामी खुर्ची पुन्हा विकता येत नाही. रावेर-यावलकडच्या बागेत वेळेवर न कापलेल्या केळीच्या घडासारखी ती वाया जाते. अशी खुर्ची नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिली तर कंपनीला फारसा खर्च येत नाही आणि गिऱ्हाईक बांधले जाते. या विचारातून अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये आपली फ्रिक्वेंट फ्लायर योजना, म्हणजे वारंवार प्रवास करणाऱ्यांना प्रवासागणिक पॉइंट देऊन फुकट तिकीट मिळवू देणारी योजना, सुरू केली आणि पुढे जगभरातील कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. आपल्याकडे एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना आता ‘महाराजा क्लब’ या नावाने चालते, तर इंडिगोने २०२४ मध्ये ‘ब्ल्यूचिप’ ही योजना आणली. सभासदत्व फुकट असते. तिकिटाचे पैसे कार्यालयाने भरले असले तरी पॉइंट सामान्यतः प्रवास करणाऱ्याच्याच खात्यात जमा होतात, ही बाब नोकरीनिमित्त फिरणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

या योजनांमध्ये दोन वेगळी खाती चालतात आणि त्यांची गल्लत झाली की सगळा हिशेब चुकतो. पहिले खाते पॉइंटांचे. ते पैशासारखे असतात : जमतात, खर्च होतात आणि मुदत संपली की बाद होतात. दुसरे खाते दर्जाचे, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांचे. दर्जा खर्च करता येत नाही. ठरावीक काळात पुरेसा प्रवास किंवा खर्च झाला की तो मिळतो, ठरावीक काळापुरता टिकतो आणि पुढच्या वेळी पुन्हा कमवावा लागतो. जादा सामान, वेगळी रांग, लाउंजमध्ये म्हणजे विमानतळावरच्या आरामकक्षात प्रवेश या गोष्टी दर्जामुळे मिळतात. फुकट तिकीट पॉइंटांमुळे. स्टार अलायन्स हा विमान कंपन्यांचा संघ १९९७ मध्ये स्थापन झाला आणि एअर इंडिया त्यात २०१४ मध्ये सामील झाली. त्यामुळे एका कंपनीत कमावलेला वरचा दर्जा परदेशात संघातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानानेही कामी येतो. देशातल्या देशात फिरणाऱ्याला मात्र या संघाचा उपयोग बेताचाच आहे.

पॉइंटांची किंमत काढण्याची रीत सोपी असून ती प्रत्येक वेळी वापरावी. समजा, एका तिकिटाचे सर्व करांसह ६,२०० रुपये पडतात आणि तेच तिकीट ७,००० पॉइंट व ९०० रुपये करांपोटी देऊन मिळते. वाचलेल्या ५,३०० रुपयांना ७,०००ने भागले की एका पॉइंटमागे सुमारे ७५ पैसे येतात. दुसऱ्या तारखेला हाच आकडा ४० पैसे आला तर त्या दिवशी रोख पैसे द्यावेत आणि पॉइंट राखून ठेवावेत. मात्र ते वर्षानुवर्षे साठवू नयेत. पॉइंटांचा भाव कंपनी ठरवते, तो ती केव्हाही उतरवू शकते, आणि कंपनीच बंद पडली तर काय, हेही आपण पाहिले आहे : १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि फुकट तिकिटाच्या आशेने पॉइंट राखून बसलेल्या प्रवाशांचे सगळे नियोजन कोलमडले. पिकले की विकावे, हा बागायतदाराचा नियम येथेही लागू पडतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण वारंवार येते, ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी, मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव, आणि कार्यालयातल्या ज्या सहकाऱ्याने तिकीट काढले त्याने मधले नाव गाळलेले. सभासद खात्यातले नाव आणि तिकिटावरचे नाव जुळले नाही की पॉइंट जमा होत नाहीत. खाते उघडतानाच ओळखपत्राप्रमाणे नाव लिहावे, तिकीट काढणाऱ्याला तेच पाठवून ठेवावे आणि पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये. नंतर दावा करताना तो लागतो.

कोणती योजना धरावी, याचे उत्तर जाहिरातीत शोधू नये, नकाशात शोधावे. जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची आहे. मोठ्या जेट विमानांना भरलेल्या अवस्थेत ती अपुरी पडते, तर सत्तरएक प्रवाशांच्या एटीआर-७२ला दीड हजार मीटरच्या आतबाहेरची लांबी पुरते. म्हणूनच २३ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या विमानतळावर लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारी ‘उडान’ योजनेतून जी सेवा आली ती लहान विमानांची आली. २०२४ मध्ये फ्लाय९१ कंपनीने गोवा, हैदराबाद आणि पुणे येथे उड्डाणे सुरू केली. या उड्डाणांवर मोठ्या कंपन्यांचे पॉइंट मिळत नाहीत. धुळेकराला नाशिक किंवा इंदूर जवळ, नंदुरबारकराला सुरत जवळ, आणि जळगावहून रस्त्याने अजिंठ्यावरून गेले की छत्रपती संभाजीनगर. आपण वर्षभरात प्रत्यक्षात कोणत्या विमानतळावरून आणि कोणत्या कंपनीने अधिक वेळा जातो हे जुन्या तिकिटांवरून मोजावे आणि त्याच एका योजनेत सगळे टाकावे. तीन योजनांत थोडे थोडे विखुरले की कोणत्याच खात्यात फुकट तिकिटाइतके काही जमत नाही.

लहान विमानतळावरून निघणाऱ्याला सर्वांत जास्त जपायला लागते ते जोडप्रवासाला, आणि हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. जळगावहून एका कंपनीचे आणि पुढे दुसऱ्या कंपनीचे अशी दोन स्वतंत्र तिकिटे मी काढली होती. मध्ये अडीच तास होते. पहिले विमान तीन तास उशिरा सुटले आणि दुसरे गेले. दुसऱ्या कंपनीच्या लेखी मी वेळेवर न आलेली प्रवासी होते, पहिल्या कंपनीच्या लेखी तिने मला ठरलेल्या ठिकाणी पोहोचवले होते, आणि नियमाप्रमाणे दोघींचेही म्हणणे बरोबर होते. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असते तर मला पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर आली असती आणि सामानही थेट गेले असते. तशी सोय नसेल तेव्हा मध्ये किमान पाच-सहा तास ठेवावेत, किंवा आदल्या संध्याकाळीच पोहोचावे. असा मोकळा वेळ विमाने पाहण्यात कसा घालवता येतो, ते पुढे येईलच.

आता ज्या सवलतीसाठी कोणत्याही कार्डाची किंवा दर्जाची गरज नाही तिच्याकडे वळू, कारण माझ्या मते प्रवाशाच्या हिताच्या दृष्टीने हीच सर्वांत मोलाची आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, प्रवाशांचे हक्क लिहून ठेवले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होत असेल आणि आपण वेळेत चेक-इन केले असेल, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यांपैकी काय हवे ते प्रवाशाने निवडायचे असते. आगाऊ सूचना न देता उड्डाण रद्द केले तर परताव्याखेरीज भरपाईही आहे : एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून लांब उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. वादळ, दाट धुके, सुरक्षेचे कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या प्रसंगी ही भरपाई लागू होत नाही, परंतु परतावा तरीही मिळतो.

आणखी एक नियम लोक नेमका विसरतात. ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द केले किंवा विमान चुकले, तरी त्यातला कर आणि विमानतळाचे वापरशुल्क परत करणे कंपनीला बंधनकारक आहे. स्वस्त तिकिटात हा भाग कधी कधी चौथा हिस्सा असतो. तो आपोआप येईलच असे नाही, मागावा लागतो. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’ या अॅपवर तक्रार नोंदवता येते.

एकट्या प्रवाशाचा खरा फायदा जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली गेल्यावर दिसतो. अशा वेळी कंपनीने आधी स्वेच्छेने जागा सोडणारे प्रवासी शोधायचे असतात आणि त्यांना मोबदल्यात काय द्यायचे ते ठरवायचे असते. चौघांच्या कुटुंबाला हे शक्य होत नाही. एकटा माणूस घड्याळ पाहून होकार देऊ शकतो. स्वेच्छेने न देता जागा नाकारली गेली, तर तासाभरात पर्यायी विमान दिल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिल्यास मूळ भाडे व इंधन आकाराच्या दुप्पट, पण १०,००० रुपयांपर्यंत. त्याहून उशीर झाल्यास चौपट, पण २०,००० रुपयांपर्यंत. हे आकडे तोंडपाठ असले की काउंटरवरचा संवाद शांतपणे होतो. एकट्याने जाणाऱ्या भगिनींसाठी आणखी एक सोय सांगते : इंडिगोने २०२४ पासून महिला प्रवाशांना वेब चेक-इनच्या वेळी इतर महिलांनी निवडलेल्या जागा दाखवायला सुरुवात केली.

लाउंजबद्दल फार लिहावे असे मला वाटत नाही. अनेक क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर प्रवेश मिळतो, परंतु आता बहुतेक बँका मागच्या तिमाहीत ठरावीक रकमेचा खर्च केला असेल तरच तो देतात. त्या अटीसाठी नको असलेली खरेदी करणे म्हणजे दमडीच्या कोंबडीला रुपयाचा मसाला. जोडप्रवासात चार-पाच तास काढायचे असतील तेव्हाच लाउंज उपयोगी पडते. एरवी डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरते. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले, तेथे १० रुपयांना चहा आणि २० रुपयांना समोसा मिळू लागला, आणि पुढे तशी उपाहारगृहे अन्य विमानतळांवरही आली. चेहऱ्यावरून ओळख पटवणारी ‘डिजियात्रा’ डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे. ती ऐच्छिक आहे, पण मोठ्या विमानतळावरची रांग त्यामुळे खरोखर कमी होते. परदेशी वारंवार जाणाऱ्यांनी इमिग्रेशनच्या ‘फास्ट ट्रॅक’ योजनेत एकदा नोंदणी करून ठेवावी. जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही सोय जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे.

आता भटकंती. तिची सुरुवात विमानाच्या खिडकीतूनच होते, आणि त्यासाठी एटीआरसारखे विमान नाही. त्याचे पंख प्रवाशांच्या डोक्यावर असतात, त्यामुळे जमीन झाकली जात नाही. दोन-दोनच्या ओळी असल्याने मधली खुर्ची नसते. जेटपेक्षा ते बरेच खालून आणि सावकाश, ताशी सुमारे ५०० किलोमीटरच्या वेगाने जाते. विमानाच्या मध्यावरची जागा घेतली तर सहा पात्यांचा पंखा आणि त्याखाली पोटातून बाहेर येणारी चाके खिडकीतून दिसतात. उतरताना टायर धावपट्टीला टेकतो तेव्हा उडणारा धुराचा लहानसा फराटासुद्धा. दृश्य पाहायचे असेल तर मात्र पुढची किंवा अगदी मागची ओळ घ्यावी. बाजू कोणती, हे सूर्यावर ठरवावे. सकाळी जळगावहून दक्षिणेकडे जाताना सूर्य डावीकडे असतो आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतताना, तोंड फिरल्यामुळे, तो पुन्हा डावीकडेच असतो. म्हणून दोन्ही वेळा उजवी खिडकी घेतली की डोळ्यांवर ऊन येत नाही. पावसाळा संपल्यावर या खिडकीतून केळीच्या बागांचे गडद चौकोन, त्यांच्या मधली काळी रिकामी वावरे आणि पुढे अजिंठ्याच्या डोंगराची तुटलेली कड पाहताना, आपण रोज ज्या जमिनीवर राबतो तिची घडण पहिल्यांदा समजते.

गोव्याचे उड्डाण विमानप्रेमींसाठी विशेष मोलाचे आहे, कारण तेथे भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय आहे. १९९८ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात आयएनएस विराट या विमानवाहू नौकेवरून उडणारे आणि उभ्याने उतरू शकणारे सी हॅरियर आहे, जुन्या विक्रांतवरचे सी हॉक आणि अलिझे आहे, आणि सर्वांत देखणे म्हणजे तीन उभ्या शेपट्यांचे, चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन. या जातीची विमाने आधी एअर इंडियाने प्रवाशांसाठी वापरली, मग ती हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे गेली. त्याच्या पोटाखाली उभे राहून वर पाहिले की पत्र्यावरचा एकेक रिव्हेट मोजता येतो. एक खबरदारी मात्र घ्यावी : जळगावचे विमान उत्तर गोव्यातील मोपा येथे उतरते, तर संग्रहालय दक्षिणेला बोगमाळो रस्त्यावर, जुन्या दाबोळी विमानतळाजवळ आहे. हे अंतर रस्त्याने दीड-दोन तासांचे धरावे; त्याच दिवशी परतीचे विमान असेल तर हा बेत आखू नये.

बंगळूरला काम निघाले तर एचएएलचे, म्हणजे विमाने बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचे, संग्रहालय चुकवू नये. २००१ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात भारतातच आराखडा करून घडवलेले पहिले लढाऊ जेट ‘मरुत’ आहे, जे १९६१ मध्ये प्रथम उडाले. बंगळूरच्या येलहंका तळावर विषम वर्षी ‘एरो इंडिया’ आणि हैदराबादच्या जुन्या बेगमपेठ विमानतळावर सम वर्षी ‘विंग्ज इंडिया’ ही प्रदर्शने भरतात. सर्वसामान्यांसाठी ठरावीक दिवस ठेवलेले असतात आणि एका माणसाचे तिकीट व एका माणसाची खोली शेवटच्या आठवड्यातही मिळून जाते. साठवलेले पॉइंट खर्च करण्याची हीच वेळ, कारण त्या दिवसांत भाडे चढलेले असते आणि एका पॉइंटची किंमत सर्वाधिक निघण्याची शक्यता असते.

इतके दूर जाणे नको असेल तर आपल्या आसपासही पाहण्यासारखे खूप आहे. नाशिकजवळच्या ओझर येथे १९६४ मध्ये मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला, पुढे तेथे सुखोई-३० घडली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे तयार झालेल्या तेजस मार्क-१ए विमानाने पहिले उड्डाण केले. नाशिकचा प्रवासी विमानतळ याच धावपट्टीवर आहे. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने तेथे विमानाची वाट पाहताना सुखोईंचा गडगडाट छातीत जाणवतो. या दोन्ही ठिकाणी कॅमेरा बाहेर काढू नये. लष्करी धावपट्टीचे छायाचित्रण निषिद्ध आहे आणि हा नियम मनापासून पाळावा. धुळ्याजवळ गोंदूर आणि शिरपूरजवळ तांडे येथे वैमानिक प्रशिक्षणाच्या धावपट्ट्या आहेत, आणि विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या देशातील पाच विमानतळांत जळगावही होते. हिवाळ्याच्या सकाळी कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून एखादे दोन किंवा चार आसनी विमान पुन्हा पुन्हा उतरण्याचा आणि लगेच उडण्याचा सराव करताना पाहावे. वाऱ्याच्या झोताने डावा पंख किंचित खाली जातो, शिकणारा तो सावरतो, आणि पुढच्या फेरीत तीच चूक निम्मी होते.

घराच्या गच्चीवरून करण्यासारखा उद्योगही आहे. प्रवासी विमाने आपले स्थान, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झवर सतत प्रसारित करतात. लहानसा रिसीव्हर, साधी अँटेना आणि एक छोटा संगणक एवढ्यावर हे संदेश घरी पकडता येतात. खान्देशची जमीन सपाट, म्हणून अँटेना उंचावर लावली की दोनशे किलोमीटरच्या पलीकडची विमानेही मिळतात. उत्तरेला सातपुड्याची भिंत आडवी येते तेवढीच. ही माहिती फ्लाइटरडार२४ या विमानांचा मार्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळाला नियमित पाठवणाऱ्याला त्यांची एरवी पैसे भरून मिळणारी बिझनेस सभासदता फुकट मिळते. मी अँटेना पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पाइपला बांधली आहे. मुंबईहून नागपूर-कोलकात्याकडे जाणारी विमाने पडद्यावर ३५,००० फुटांच्या आसपास सरकत असतात, आणि अधूनमधून दक्षिणेकडून एक ठिपका त्यांच्या बऱ्याच खालून, सावकाश, अजिंठ्याचा डोंगर ओलांडून कुसुंब्याकडे वळतो. त्यावर बोट ठेवले की विमानाचा प्रकार उमटतो : एटीआर-७२. मग मी जिन्याने गच्चीवर जाते, आणि दोन-तीन मिनिटांत त्याचा आवाज येतो.